न नासणारं दूध

माझ्या दवाखान्यासमोर गावाची पाण्याची टाकी आहे आणि टाकीला लागून एक जुना कडुलिंब. त्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर लिंबाभोवती जत्रा भरलेली. बायकांच्या हातात वाट्या, पोरांच्या हातात बाटल्या, आणि एक आजोबा तर घरची कळशीच घेऊन आलेले. लिंबाच्या खोडातून पांढरी धार लागली होती. बारीक, पण खंड न पडणारी, थेट दुधासारखी. ज्याने चाखली तो शेजारच्याला सांगत होता, लई गोड हाय.

कडुलिंबातून गोड दूध आल्यावर लोकांनी हात जोडले, यात मला नवल वाटलं नाही. मीही दारात उभी राहून पाहत होते. मी डॉक्टर आहे, झाडांतलं मला फारसं कळत नाही, आणि जे कळत नाही त्यावर मत ठोकून द्यायची मला सवय नाही. ती सवय गावात कल्याणप्पाला आहे.

कल्याणप्पा म्हणजे मंडपवाला. लग्न असो, बारसं असो की प्रचारसभा, कापड ताणून, फाटका भाग झाकून, वायरी कुणाला दिसणार नाहीत अशा लपवून देण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. दुपारपर्यंत त्याने लिंबाला भगवं कापड गुंडाळलं, दोरी बांधून रांग लावली, फांदीला भोंगा टांगला. संध्याकाळी पाहते तर हा स्वतःच कपाळभर भस्म फासून बुंध्याशी मांडी घालून बसलेला. कल्याणप्पाचा कल्याणबाबा झाला होता.

“माय सपनात आली,” भोंग्यातून तो सांगत होता. “म्हणाली, कल्याण्या, तुळजापूरपतुर येताना माझी लेकरं दमत्यात, म्हणून म्याच तुमच्या टाकीपाशी आले. हे दूध न्हाय, पान्हा हाय. बीपी, शुगर, मूळव्याध, कोर्टाची तारीख, समद्याला एकच वाटी.”

कोर्टाची तारीख वाटीभर पान्ह्याने कशी हलते, हे कुणी विचारलं नाही. विचारायला जी पुढे आली ती शिवप्रिया. आमचं गाव नळदुर्गच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीजवळ. इथली भांडणं मराठीत सुरू होतात आणि कानडीत संपतात. शिवप्रिया दोन्ही भाषांत सारखीच भांडते. तुळजापूरला कॉलेजात शिकते आणि अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या पोरापोरींच्या गटात तिचा आवाज सगळ्यांत मोठा. दुसऱ्याच दिवशी ती मोबाइल उंच धरून रांगेत घुसली. मोबाइलवर व्हिडिओ होता: कुठल्याशा झाडाचं कापड ओढलं जातं, आत सलाइनची नळी, वर डबा, डब्यात दूध. हा व्हिडिओ तिने आधीच गावातल्या सगळ्या ग्रुपांवर टाकून दिला होता. आपल्या लिंबातही हीच नळी आहे, कापड काढा, बुंधा खणा, असं तिने सगळ्यांसमोर ठणकावलं.

मला वाटलं होतं, कल्याणप्पा घाबरेल. तो उठला, हात जोडले आणि स्वतः कापड सोडलं. “खणा की, बाई. मायला काय लपवायचं हाय?”

पोरांनी खणलं, साल चाचपली, एक जण वर चढून फांद्या हलवून आला. नळी नाही, डबा नाही, काहीच नाही. धार मात्र तशीच चालू. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी रांग हसली आणि नंतर जयजयकार सुरू झाला. त्या रांगेत शिवप्रियाची आई लक्ष्मम्मा वाटी घेऊन उभी होती. तिने पदर डोळ्यांवर ओढला.

दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मम्मा सुई घ्यायला आली नाही.

लक्ष्मम्माला मधुमेह आहे, चांगला मुरलेला. इन्सुलिन बंद करून चालणारं नाही. हात थरथरतो म्हणून ती रोज दोन्ही वेळा माझ्याकडे येऊन टोचून घेते. मी तिच्या घरी गेले तर तोंड सुकलेलं, तांब्यावर तांब्या पाणी चाललेलं, आणि शेजारी तो गोड पान्हा भांडंभर. मी रागावले, समजावलं, पुन्हा रागावले.

“बाई, तुमी शिकलेल्या हाव,” ती शांतपणे म्हणाली. “माझी पोरगी बी शिकलेली हाय. तिनं समद्या गावाला सांगितलं नळी हाय. कुठं हाय नळी?”

आमच्या बाजूने एक चुकीची गोष्ट ठासून सांगितली गेली होती आणि त्यामुळे आमच्या खऱ्या गोष्टींचीही पत गेली होती. तिला दवाखान्यात भरती करायचं म्हटलं तर ती उठून उभी राहिना. बऱ्याच विनवण्यांनंतर रोज एकच सुई घ्यायला कबूल झाली, तीही माझं मन राखायला. मायच्या दुधावरचा विश्वास कमी व्हायला नको म्हणून वाटी मात्र सोडायची नाही, असा तिचा हट्ट.

शिवप्रिया माझ्या दवाखान्यात येऊन बसली तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. व्हिडिओ कुठून आला, मी विचारलं. ग्रुपवर आला. ग्रुपवर कुणी टाकला? ठाऊक नाही. कुठल्या गावचा, कुठल्या झाडाचा? तिने पुन्हा लावून नीट पाहिला. मागे एका दुकानाची पाटी दिसत होती आणि तिच्यावरची लिपी ना आपली होती ना कानडी. ती पाटी तिने आधीही पाहिली होती, पण तेव्हा तिला हवं ते सापडलं होतं, म्हणून नजर पुढे सरकली नव्हती. ती रडकुंडीला आली. मला तिची दया आली आणि खरं सांगायचं तर कल्याणप्पाइतकाच तिचाही राग आला, कारण त्याचंही स्वप्न कुणी तपासलं नव्हतं आणि हिनेही व्हिडिओ तपासला नव्हता.

मग ती कामाला लागली. धाराशिवला एका महाविद्यालयात हिंमतराव सर वनस्पतिशास्त्र शिकवत, त्यांचा पत्ता तिने काढला. त्यांच्याकडची पुस्तकं चाळली. तेर गावच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर असाच लिंब पाझरला होता असं कळल्यावर ऐकीव नको म्हणून स्वतः एसटीने तिथे जाऊन आली. तो शेतकरी म्हणाला, आमच्याकडं बी धार आली हुती, पण बाबा नव्हता, म्हणून शेळ्यांनीच चाटून संपवली.

हिंमतराव सर एका रविवारी गावात आले. त्यांनी झाड पाहिलं, टाकीच्या गळतीने बुंध्याशी कायम साचलेलं डबकं पाहिलं, थेंब जिभेवर ठेवला आणि वाटीत लिंबू पिळून पाहिलं. काही झालं नाही. लिंब असा कधीकधी पाझरतो, त्यांनी सांगितलं. पांढरा, गोडसर रस असतो, त्यात साखर असते, पण दूध नसतं. काही आठवडे वाहतो, मग फेसाळतो, आंबूस होतो आणि आपोआप थांबतो. शिवप्रियाने विचारलं, का पाझरतो? सर म्हणाले, कुणी जंतूंमुळे म्हणतात, कुणी मुळाशी पाणी फार झाल्यामुळे. सगळ्यांना पटेल असं नक्की कारण मला सांगता येणार नाही.

ती हिरमुसली. नंतर मला म्हणाली, “बाई, कल्याणप्पाला समदं नक्की ठाऊक हाय. आणि आपल्या माणसाला ‘नक्की सांगता येत नाही.’ लोक कुणाचं ऐकतील?”

मी तिला म्हटलं, जो माणूस आपल्याला काय ठाऊक नाही ते आपणहून सांगतो, त्याच्या ‘ठाऊक आहे’वर मी पैज लावायला तयार आहे. औषधाच्या बाबतीतही मी हेच पाहते. सगळ्या रोगांवर चालणारं औषध घेऊन येणाऱ्याला मी चहा पाजते आणि वाटेला लावते.

इकडे लिंबू पिळलेलं कल्याणप्पाने पाहिलं होतं. त्याच संध्याकाळी भोंगा गरजला. “शेरातल्या मास्तरानं लिंबू पिळलं, पर मायचं दूध नासलं का? न्हाय नासलं. इस्टीलच्या भांड्यात ठिवा, पितळंत ठिवा, लिंबू पिळा, चिंच टाका. खऱ्या मायचं दूध कधी नासत न्हाय.” लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवसापासून तो दर आरतीनंतर स्वतःच एक लिंबू पिळून दाखवू लागला.

शिवप्रियाने या वेळी भांडण केलं नाही. चावडीच्या फळ्यावर खडूने लिहिलं: धार फेसाळेल, आंबेल आणि थांबेल. खाली हे कुणी सांगितलं ते नावासकट लिहिलं आणि त्याखाली, चुकलं तर मी याच फळ्यावर चूक लिहीन. लोक वाचून हसत पुढे जात. लक्ष्मम्माही वाचून गेली. चार पावलांवरून परत फिरून तिने पुन्हा एकदा वाचलं, हे मी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिलं.

तसंच झालं. आधी फेस आला. मग वाटीला ताडीसारखा वास येऊ लागला, तेव्हा बाबाने सांगितलं की माय तपाला बसली आहे. मग धार बारीक होत होत थांबली. लोक चुकचुकले, कळशीवाले आजोबा रिकामे परत गेले आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण एका दुपारी कल्याणप्पाचा टेम्पो आला. लिंबाला खालपासून फांद्यांपर्यंत नवं, जाड, झालरीचं कापड चढलं, वर पताकांचे घोस बांधले, आणि शुक्रवारी सकाळी भोंगा ओरडला की मायचं तप पुरं झालं. धार पुन्हा सुरू. आधीपेक्षा जाड, आधीपेक्षा पांढरी.

गर्दी दुप्पट झाली. शिवप्रिया रांगेत शांत उभी होती. तिचा नंबर आल्यावर ती म्हणाली, “बाबा, आज लिंबू पिळायचं राह्यलं.”

कल्याणप्पा म्हणाला, आज मुहूर्त नाही. पण रांगेतल्या लोकांना लिंबू पिळण्याचीच सवय लागली होती. पिळा की, पिळा की, असं चार ठिकाणांहून आलं. पूजेच्या ताटात लिंबं होतीच. शिवप्रियाने एक उचललं आणि पिळलं नाही. मागे वळून आईच्या हातात दिलं.

“अव्वा, तूच पिळ.”

लक्ष्मम्माने आधी लेकीकडे पाहिलं, मग बाबाकडे, मग वाटीकडे. ऊन चढलं होतं, दूध कोमट झालं होतं. तिने लिंबू पिळलं, बोटाने ढवळलं. वाटीत गोळे झाले, पाणी वेगळं झालं. तिने बोट नाकाशी नेलं. आयुष्यभर दुभती जनावरं सांभाळलेली बाई ती, तिला आणखी कुणी काही सांगायची गरज नव्हती.

“दूध हाय हे,” ती म्हणाली. “आन् म्हशीचं बी न्हाय. पावडरचं हाय.”

बाबाच म्हणाला होता, मायचं दूध नासत नाही. लक्ष्मम्माने वाटी खाली ठेवली आणि झालर धरून एकच हिसका दिला. कापड सुटलं. पताकांच्या घोसात प्लास्टिकचा कॅन, कॅनमधून तपकिरी रंगवलेली नळी, सालीच्या भेगेतून खोडातल्या छिद्रापर्यंत नेऊन मेणाने बसवलेली. रंग दिला होता तरी मी ती दुरूनच ओळखली. सलाइनच्या नळीशी माझा रोजचा संसार आहे.

कळशीवाल्या आजोबांनी कल्याणप्पाला विचारलं, ही अक्कल तुला सुचली कुठून?

कल्याणप्पा मंडपवाला असला तरी त्या क्षणी खरं बोलला. “शिवप्रियाच्या व्हिडिओत बघितलं.”

एवढं हसू गावात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. शिवप्रियाही हसली, कान लाल करून. मग चावडीच्या फळ्याकडे गेली आणि आधी तिने स्वतःचं लिहिलं: पहिल्या वेळी नळी नव्हती, मी न तपासता सांगितलं होतं, माझं चुकलं. मग सरांचं खरं ठरलं ते लिहिलं. त्या फळ्यामुळे तिची जेवढी पत वाढली तेवढी दहा सभांनी वाढली नसती, असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मम्मा लेकीला घेऊन दवाखान्यात आली. मी सुई भरली. तिने पदर सावरला आणि माझा हात धरून थांबवला.

“बाई, ही सुई जन्मभर घ्यायची, हे कुणी सांगितलं? त्यानं सोता बघितलंय का? कुठं लिवलंय?”

मी क्षणभर चिडले. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मग मी सुई खाली ठेवली, कपाटातलं जाड पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि तिच्याशेजारी स्टुलावर बसून वाचून, सोप्या मराठीत, अडलं तिथे शिवप्रियाकडून कानडीत, सगळं सांगितलं. कुठे मलाही नक्की ठाऊक नव्हतं, तेही सांगितलं. लक्ष्मम्माने शेवटपर्यंत ऐकलं आणि मग दंड पुढे केला.

वाचकहो, बाबाला विचारा, पुढाऱ्याला विचारा, मोबाइलला विचारा, चळवळीतल्या आपल्याच माणसाला तर आधी विचारा, आणि डॉक्टरलाही सोडू नका. कुणी सांगितलं, त्याने पाहिलं का, तपासलं कसं, एवढंच तर विचारायचं आहे. खरं असेल तर ते विचारण्याने नासत नाही.