नाजूक वस्तूंची सूचना

सोमवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी चौथ्या मजल्याच्या जिन्यात कचरेवाल्या मावशीच्या उजव्या तळहातात काच घुसली. काच भिंतीवरच्या घड्याळाची होती. ती वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळून दोऱ्याने बांधली होती आणि पुडीच्या बरोबर मध्यावर लाल शाईचा ठिपका होता. ठिपका कंपासने आखून मग भरलेला होता, कारण पुडी बांधणारे गृहस्थ घड्याळजी होते आणि वाकडं काही त्यांच्या हातून होत नसे.

मावशीने पुडी पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधता यावं म्हणून वरून तळहाताने जोर देऊन दाबली. लाल ठिपका म्हणजे आत मऊ, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठिपक्याची कल्पना तिचीच होती.

नऊ वर्षं ती या इमारतीचा कचरा उचलत होती. चार मजले, बारा घरं. कोणाकडे भांडण झालं हे तिला फुटक्या बशांवरून कळायचं आणि कोणी डॉक्टरांचं ऐकत नाही हे बाटल्यांवरून. कोणत्या घरात बायका किती आणि त्यांतल्या कोणाला लाज किती, हेही तिला न विचारता कळत होतं. काही घरांतून वापरलेलं पॅड भाजीच्या सालींबरोबर तसंच यायचं, उघडंवाघडं. काही घरांतून ते तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत, तीन गाठी मारून यायचं, जणू आत आईचे दागिने आहेत. उरलेल्या घरांनी ते संडासात टाकून पाणी सोडण्याची सोय पत्करली होती. त्यामुळे तळमजल्यावरचं चेंबर वर्षातून दोनदा तुंबायचं आणि कमिटी दोन्ही वेळा पाहणी करून ‘झाडाची मुळं’ असा निष्कर्ष काढायची. आवारात झाड नव्हतं.

वर्गीकरणाच्या शेडमध्ये चार पिंपं होती: ओला, सुका, सॅनिटरी आणि घातक. सॅनिटरी पिंप थेट भट्टीत जायचं. बारा घरांच्या कचऱ्यातून त्या पिंपाचा ऐवज शोधून काढायचा म्हणजे प्रत्येक गाठ सोडायची, प्रत्येक साल उलटायची. हातमोजे वर्षातून एकदा मिळत आणि दोन महिन्यांत त्यांची बोटं बाहेर येत.

म्हणून गेल्या महिन्यात ती सेक्रेटरींना भेटली होती. सेक्रेटरी निवृत्त कार्यालयीन अधीक्षक. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मसुद्यांतल्या चुका काढल्या होत्या आणि आता स्वतःचे मसुदे लिहीत होते.

“साहेब, फार काही नको,” मावशी म्हणाली. “जुन्या कागदात गुंडाळायचं, वर लाल ठिपका द्यायचा आणि वेगळं ठेवायचं. मला उघडून बघायला नको आणि संडासातही जायला नको.”

“काय गुंडाळायचं?”

“पॅड. बायकांचं.”

सेक्रेटरींनी तिच्या डोक्यावरून भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर काही नव्हतं, तरी त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. “हो, हो,” ते म्हणाले. “ते. आलं लक्षात. कमिटीपुढे ठेवतो.”

कमिटीत पाच जण, पाचही पुरुष. विषय बायकांचा असल्यामुळे त्यांना संकोच वाटू नये, म्हणून बैठकीला एकाही बाईला बोलावलं नव्हतं. कागद, ठिपका आणि वेगळी पिशवी या तिन्ही गोष्टी चार मिनिटांत मंजूर झाल्या. उरलेला दीड तास शब्दावर गेला. ‘महिलांच्या वापरातील वस्तू’ असं लिहिलं तर लोक कंगवे देतील, अशी हरकत आली. ‘वैयक्तिक कचरा’ म्हटलं तर जुनी पत्रं येतील. एकाने ‘मासिक कचरा’ सुचवलं. त्यावर दुसरा म्हणाला की त्याच्याकडे मासिकांचा मोठा गठ्ठा पडून आहे, तो चालेल का. शेवटी ‘नाजूक’ हा शब्द निघाला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. शब्द सभ्य होता, मराठी होता आणि समजणाऱ्याला समजण्यासारखा होता.

मसुदा टाइप करायला सुनेकडे आला. सेक्रेटरींची सून दवाखान्यात परिचारिका होती आणि दिवसभर माणसांच्या शरीरातून काय काय बाहेर येतं ते पाहून घरी येत असे.

“बाबा, ‘नाजूक वस्तू’ म्हणजे फुटणारी वस्तू,” ती म्हणाली. “खोक्यांवर लिहितात ना, नाजूक वस्तू, जपून उचला.”

“संदर्भाने कळतं.”

“संदर्भ कुठे आहे यात?”

“सूचना फलकावर लहान मुलंही वाचतात.”

“मग ‘वापरलेली सॅनिटरी पॅड’ असं लिहू या. मुलं घरी विचारतील, घरचे सांगतील.”

सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. त्यांच्या घरात चर्चा संपल्याची ती खूण होती. रविवारी संध्याकाळी फलकावर कागद लागला: ‘सर्व सभासदांनी घरातील नाजूक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका देऊन, दाराबाहेर स्वतंत्र ठेवाव्यात. सदर वस्तू मावशी प्राधान्याने नेतील.’

सभासदांना सूचना फार आवडली. फुटकी भांडी नेमकी कुठे टाकायची हा प्रश्न सगळ्यांनाच होता आणि कमिटीने पहिल्यांदाच उपयोगाचं काही केलं होतं. घरोघरी कपाटं आवरली गेली.

त्यामुळे सोमवारी सात वीसला जे झालं, ते अगदी नियमाप्रमाणे झालं. मावशी खाली बसली. रक्त कोपरापर्यंत आलं. आवाज ऐकून दार उघडणारे घड्याळजी पायऱ्यांवरचे ठिपके बघत उभे राहिले.

“नाजूक लिहिलं होतं ना,” ते म्हणाले. “मी तर चार थर दिले होते.”

“तुमची चूक नाही, काका,” मावशी म्हणाली. “जरा फडकं असलं तर द्या.”

सून पहिल्या मजल्यावरून धावत आली. तिने हात धुतला, फडकं घट्ट बांधलं, मावशीला दवाखान्यात नेलं. अंगठ्याखाली पाच टाके पडले. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे ओलं काम नाही, वजन नाही. अंगठ्यात जोर परत किती येतो ते टाके काढल्यावर कळेल. संध्याकाळी सुनेने जिन्यात राहिलेल्या पिशव्या चिमट्याने उघडल्या. लाल ठिपक्याच्या अकरा पुड्या निघाल्या. त्यांत चार कप, तीन दिव्यांच्या काचा, एक तापमापक, चिनी मातीच्या हंसाची मान आणि घड्याळाची ती काच होती. पॅडची पुडी एकच होती. ती तिने स्वतः बांधलेली होती. बाकी घरांची पॅड नेहमीसारखी सालींत होती, कारण ती टाकल्यावर काही फुटत नाहीत.

मंगळवारी मावशी हात गळ्यात अडकवून शेडच्या मुकादमाकडे गेली.

मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे नियम होते, एवढंच. आठ दिवस गैरहजर राहिलं की फेरी दुसऱ्याला. कामावरची जखम असेल तर फेरी राखून ठेवायची, पण त्याला इमारतीचं पत्र हवं.

“आणि मावशी, पत्रात कारण नीट हवं. अनोळखी पुडी हाताने दाबायची नाही, हा नियम आहे. सॅनिटरी असेल तरच दाबायची. तुम्ही का दाबलीत, ते त्यांनी लिहायला पाहिजे. नाहीतर वरचे म्हणतील, बाईचाच निष्काळजीपणा.”

“लिहितील की. त्यांनीच तर सांगितलं होतं सगळ्यांना.”

“मग काय. सोमवारी सकाळी सातच्या हजेरीच्या आत आणा.”

ही फेरी गेली तर दुसरी मिळणार नव्हती. पन्नाशीच्या, एक अंगठा अर्धा चालणाऱ्या बाईला नवी फेरी कोण देतो. मावशीने हे कोणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून ती डाव्या हाताने पाण्याची बादली उचलून बघू लागली.

बुधवारी सेक्रेटरींनी पत्र दिलं. कागद उत्तम होता, शिक्का सरळ होता. मावशीने ते न वाचता मुकादमाला दिलं. त्याने वाचलं, मग परत वाचलं.

“‘सदर महिलेस नाजूक कारणास्तव दुखापत झाली,’” तो म्हणाला. “मावशी, हे काय प्रकरण? कोणाच्या प्रेमातबिमात पडलात की काय?”

शेडमधल्या बायका खो-खो हसल्या. मावशीही हसली, कारण हसण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

“बघा, माझ्या फॉर्मवर ‘कचऱ्याचा प्रकार’ असा रकाना आहे,” मुकादम म्हणाला. “चार प्रकार. त्यात नाजूक नाही. सॅनिटरी लिहून आणा, मी लगेच पुढे पाठवतो.”

शुक्रवारी दुसरं पत्र आलं. त्यात ‘नाजूक’ खोडून ‘विशिष्ट स्वरूपाच्या’ केलं होतं. मुकादमाने ते उघडून वाचलं आणि मावशीकडे परत सरकवलं.

शनिवारी ती सेक्रेटरींच्या दारात उभी राहिली. “साहेब, एकच शब्द आहे. तुम्हाला उच्चारायचा नाही, लिहायचा आहे.”

“मावशी, माझी सहानुभूती आहे,” सेक्रेटरी म्हणाले. ती खरोखरच होती. त्यांनी तिच्या औषधांची चौकशी केली, बसायला खुर्ची दिली. “पण हे पत्र रेकॉर्डला राहतं. इमारतीच्या शिक्क्याखाली तसला शब्द जायचा म्हणजे कमिटीची मंजुरी हवी. पुढच्या रविवारी बैठक आहे.”

“माझी हजेरी या सोमवारी आहे.”

“तेच तर. वेळेचा प्रश्न आहे.”

आतून सून आली. हातात टाइप केलेला कागद होता. तिने तो सासऱ्यांपुढे ठेवला आणि मावशीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला. इमारतीच्या सूचनेप्रमाणे लाल ठिपक्याच्या पुडीत वापरलेली सॅनिटरी पॅड असणं अपेक्षित होतं. सूचनेत तसा स्पष्ट शब्द नव्हता. त्यामुळे सभासदाने काच ठेवली. मावशींची चूक नाही.

“‘सूचनेत स्पष्ट शब्द नव्हता’ हे वाक्य कशाला?” सेक्रेटरींनी विचारलं.

“खरं आहे म्हणून.”

“म्हणजे चूक माझी, असं मीच लिहून द्यायचं?”

पॅडबद्दल बोलताना सासरे भिंतीकडे बघायचे. आता ते सरळ सुनेकडे बघत होते.

“बाबा, मला इतके दिवस वाटत होतं तुम्हाला लाज वाटते,” ती म्हणाली.

सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. या वेळी कोणी उठलं नाही. मावशी खुर्चीवर बसून राहिली. बांधलेला हात तिने मांडीवर ठेवला होता.

“उद्यापर्यंत विचार करतो,” ते म्हणाले.

रविवारी दुपारी फलकावरची सूचना निघाली. तिच्या जागी नवी लागली नाही. चार टाचण्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्या मधोमध सुनेने स्वतःच्या हाताने लिहिलेला, शिक्का नसलेला कागद लावला: ‘वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा, लाल ठिपका द्या, वेगळं ठेवा. संडासात टाकू नका. काच वेगळी द्या आणि वर काच असं लिहा.’ घड्याळजी खाली आले, त्यांनी तो उभ्याउभ्या पूर्ण वाचला, कान लाल झाले आणि वर जाऊन पेन आणून त्यांनी त्याखाली आपली सही केली. तशी सही करायला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिचा मुकादमाकडे काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी पावणेसात वाजता मावशी पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसली होती. आत दिवा लागलेला होता. सून दोनदा बाहेर येऊन गेली. दुसऱ्यांदा तिने सांगितलं की बाबांनी पत्र पूर्ण वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली, वर तारीख घातली आणि शिक्का मारून ठेवला. सही अजून केलेली नाही. ते पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेले आहेत.