मी रिकामी नव्हते, सुट्टीवर होते

मित्रांनो, मी एक जुनी लेथ आहे. जुनी असल्याची मला मुळीच लाज वाटत नाही. माझ्या पकडीत लोखंडी सळई गरगर फिरते, पोलादी हत्यार तिला तासते आणि बघता बघता तिचा गुळगुळीत दांडा होतो.

माझा जन्म पंजाबातल्या एका ओतशाळेत झाला. जबलपूरच्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माझे मालक बापू यांनी तिथल्याच गोहलपुरात शेड टाकली, तेव्हा तिथे आलेली पहिली मशीन मीच. माझा दांडा हातात घेऊन बापू गिऱ्हाइकाला म्हणत, "बघून घ्या, नख अडकणार नाही!" मी मनातल्या मनात फुलून जाई.

पुढे संगणकावर चालणाऱ्या नव्या मशिनी आल्या. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या! त्या दोन्ही पाळ्यांत चालत. मी मात्र फक्त दिवसपाळीत, कारण माझा कारागीर शालिग्राम दिवसाच येई आणि दुसऱ्या कुणाशी माझे पटत नसे. संध्याकाळी तो माझा बुरादा, म्हणजे तासलेल्या लोखंडाचा कीस, झाडी, तेलाचा हात फिरवी आणि अंगावर जुनी चादर घाली. मग मी निवांत झोपे.

बापूंची मुलगी रुचिरा इंजिनिअर झाली. तिने आमच्या शेडची हुबेहूब नक्कल संगणकात उभी केली. मशीन चालू असेल तर पडद्यावर हिरवी दिसे, रिकामी असेल तर लाल. नव्या मशिनी हिरव्यागार आणि मी लालभडक! ते पाहून बापू उसासा टाकून म्हणाले, "इतकी रिकामी बसते? मग जागा कशाला अडवायची? विश्वकर्मा पूजा झाली की भंगारवाल्याला बोलाव."

मित्रांनो, माझ्या काळजाचे पाणी झाले. मी एक दिवसही काम चुकवले नव्हते.

पूजेचा दिवस उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी कुठल्याही औजाराला कामासाठी हात लावत नाहीत. सगळ्या मशिनींना हार घातले. रुचिराने आपला लॅपटॉपही मिटून आमच्या रांगेत मांडला. शालिग्रामने त्याला कुंकू लावले आणि हसत विचारले, "दीदी, हा काहून बंद आहे? बिघडला का?"

"नाही हो भैया, आज त्याची सुट्टी आहे ना!"

बोलता बोलता रुचिरा थबकली. तिने माझ्याकडे पाहिले. माझी चादर घडी घालून बाजूला ठेवलेली होती. तिने कपाळावर हात मारला.

"बाबा, घोटाळा झाला! माझ्या नकलेतलं घड्याळ थांबतच नाही. पाळी संपते, रविवार येतो, तरी ते चालूच राहते. हिची झोप पण मी रिकामपणात धरली! थांबा, आत्ता दाखवते."

"आज नाही, बेटा. आज औजाराला हात लावायचा नाही."

"पण उद्या सकाळी भंगारवाल्याचा ट्रक येऊन राहिला ना!"

"येऊ दे. उद्याचं उद्या."

सकाळी शेड उघडली तेव्हा ट्रक दारात उभा होता. भंगारवाला साखळी घेऊन आत आला. रुचिरा माझ्या शेजारी स्टूल टाकून बसली होती. तिने नकलेत माझी पाळी भरली आणि बाकीच्या वेळेला तिसरा रंग दिला, राखाडी. त्याचे नाव ठेवले 'पाळीबाहेर'. तो वेळ हिशेबातून वगळला आणि काय सांगू! दिवसपाळीत मी जवळजवळ सारा वेळ हिरवी निघाले. इतकेच नव्हे, पुढच्या कामासाठी माझा दांडा पोचला नाही की दोन नव्या मशिनी खोळंबून लाल होत होत्या.

हातच्या कंकणाला आरसा कशाला? बापूंनी माझ्या अंगावरून हात फिरवला. "चुकलोच मी," ते म्हणाले. बुरादा तेवढा भरून घेऊन ट्रक परत गेला. शालिग्रामने डोळे पुसले आणि माझी कळ दाबली.

मित्रांनो, कुणाला रिकामटेकडे म्हणण्याआधी तेवढे विचारा, ती त्याच्या कामाची वेळ होती का? आणि आम्हां मशिनींना तेल द्या, झाडपूस करा, पाळी संपली की विसावाही द्या.

आता संध्याकाळी शालिग्राम चादर घालतो तेव्हा तिकडे पडद्यावर मी राखाडी होते. मला तो रंग फार आवडतो. उद्या सकाळी मला पुन्हा हिरवे व्हायचे आहे.