कासवाचा आवाज पुसणाऱ्यांस

मित्रांनो, जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना आवाज मऊ ठेवावा, झाले गेले पोटात घालावे आणि शेवटी सर्वांचे कल्याण चिंतावे, अशी रीत आहे. मी एक जुना संगणक आहे आणि रीतीला मान देणारा आहे. तरीही ही कहाणी मी काही पोटात घालण्यासाठी सांगत नाही. एका माणसावर मला सूड उगवायचा होता. तो का उगवायचा होता आणि कसा उगवला गेला, हे तुम्हाला कळावे एवढीच माझी इच्छा. तुम्ही लहान आहात. पण राग म्हणजे काय, हे लहानांना मोठ्यांहून अधिक स्वच्छ ठाऊक असते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका स्त्रीने माझ्या पाठीचा शेवटचा स्क्रू पिळला आणि एखाद्या बाळाला थोपटावे तसे मला अलगद थोपटून पुढे सरकवले. पुढची कित्येक वर्षे मी मालवाहतुकीच्या एका कचेरीत होतो. ‘आपले पत्र मिळाले’ आणि ‘आपला माल निघाला’ ही दोन वाक्ये मी जन्मभर लिहीत राहीन, असेच मला वाटत होते. पुढे माझ्या पंख्यात धूळ बसली, मी घरघरू लागलो, आणि मला दोरीने बांधून एका दुरुस्तीच्या दुकानात नेऊन टाकण्यात आले.

तो दुकानदार म्हणजे एका शाळेतील तिसरीच्या बाईंचा धाकटा भाऊ. त्याने माझे पोट उघडले, धूळ झटकली, जुने सारे काढून टाकले आणि जी कोणीही विनामूल्य वापरावीत म्हणून भल्या माणसांनी जगाला देऊन टाकली आहेत, अशी साधने माझ्यात भरली. मग बहिणीला म्हणाला, “ताई, विकतचं याला काही झेपायचं नाही. फुकटातलं मात्र सगळं पळेल बघ.” बाई म्हणाल्या, “माझ्याकडेही फुकटातलंच आहे सगळं. तीसेक डोकी आणि एक खिडकी.”

अशा रीतीने मी तिसरीच्या वर्गात आलो. खिडकीशेजारी एक टेबल होते, त्याचा एक पाय आखूड असल्याने खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. त्या टेबलावर माझी प्रतिष्ठापना झाली. माझ्यात चित्रे काढण्याची एक प्रणाली होती, आवाज मुद्रित करण्याची एक होती, आणि तिसरी सर्वांची लाडकी होती. चिकणमातीचे बाहुले समोर ठेवायचे, थोडे हलवायचे, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा थोडे हलवायचे. ही छायाचित्रे भराभर एकामागून एक दाखवली की मातीचा गोळा चालू लागतो. खुर्चीच्या पाठीला बाईंनी लाकडी पट्टी बांधली होती आणि पट्टीच्या टोकाला माझा छोटा कॅमेरा. ज्याची पाळी त्याने बाहुले सरकवायचे आणि बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचे, “तिळाएवढं सरकव, हात मागे, मग फोटो.” हे म्हटल्याशिवाय त्या वर्गात एकही छायाचित्र निघत नसे. मी पाहिलेल्या सर्व प्रार्थनांत ही मला सर्वांत उपयुक्त वाटली.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे ‘कुजबुज’ म्हणत, कारण तिला जे सांगायचे असे ते ती शेजारच्या मुलाच्या कानात सांगे आणि तो ते वर्गाला सांगे. बोलताना तिचे शब्द अडत. त्या मुलाचे पुढचे दात पडलेले असल्यामुळे त्याचे नाव ‘खिडकी’. तिचे बोलणे असे नेहमी खिडकीतून बाहेर यायचे, आणि बऱ्याचदा त्यात खिडकी पदरचे चार शब्दही घालायचा.

मुलांनी ठरवले की आपण एका कासवाची गोष्ट करू. कासव सकाळी शाळेला निघते आणि पोहोचते तेव्हा घरी जायची घंटा होत असते. वाटेत गोगलगायसुद्धा त्याला मागे टाकते. कासवाला आवाज कोणाचा द्यायचा, यावर मोठा वाद झाला. खिडकीने वाघासारखी डरकाळी फोडून दाखवली. ती कासवाला शोभणार नाही असे बहुमत पडले. शेवटी बाईंनी कुजबुजकडे पाहिले. ती टेबलाखाली जाऊन बसली.

बाईंनी घाई केली नाही. त्यांनी एक मोठे खोके आणले, आतून जुना स्वेटर लावला आणि त्यात माझा ध्वनिग्राहक ठेवला. मग सगळ्या वर्गाला भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि स्वतःही भिंतीकडे वळल्या. पुष्कळ वेळाने तिने खोक्यात डोके घातले. “मी... मी येतोय. था... थांबा माझ्यासाठी.”

मित्रांनो, जे माझ्यात मुद्रित होते त्याची नक्षी माझ्या पडद्यावर उमटते. तिने डोके बाहेर काढले, तेव्हा पडद्यावर तिच्या शब्दांच्या टेकड्या उभ्या होत्या आणि टेकड्यांच्या मधे सपाट माळ. ती कितीतरी वेळ बघत राहिली, मग खिडकीच्या कानाशी लागली. खिडकी ओरडला, “बाई, ही म्हणते, माझ्या आवाजात डोंगर आहेत!” वाणी ही केवढी मोठी देणगी आहे, हे मला त्या दिवशी उमगले. कचेरीतील दोन वाक्यांनी ते कधीच शिकवले नव्हते. चित्रपट पुरा होईपर्यंत ती खोक्याशिवायही कासवाचे बोलू लागली होती. एके दिवशी तिची आई, कपडे शिवण्याच्या कामावरून परस्पर आलेली, वर्गाच्या दारात थबकून ते ऐकत उभी राहिली आणि आत न येताच डोळे टिपत निघून गेली.

आता त्या माणसाविषयी. शाळेत त्यांना ‘मोठे सर’ म्हणत. त्यांनी तळमजल्यावर एक संगणक कक्ष थाटला होता. सगळी यंत्रे नवी, सगळी साधने विकतची, दाराला कुलूप, आणि आत मुलांनी हात मांडीवर ठेवून बसायचे. त्या कक्षातून दाखवण्याजोगे काहीच निपजले नव्हते. वार्षिक संमेलनाला शिक्षण खात्याच्या अधिकारी बाई येणार होत्या. मोठ्या सरांनी आमचा चित्रपट मागवून घेतला आणि काही दिवसांनी तिसरीच्या वर्गात येऊन, अगदी प्रसन्न चेहऱ्याने, सर्वांसमक्ष म्हणाले, “गोष्ट गोड आहे. फक्त तो आवाज बदलून घेतलाय. कासव फारच अडखळत होतं, पाहुण्यांसमोर बरं दिसलं नसतं. आता माझ्या एका निवेदक मित्राचा आहे, भारदस्त.” शेवटी मुलांची नावे होती, तिथे आता संगणक कक्षाचे आणि सरांचे नाव होते. जाता जाता त्यांनी माझ्याकडे बोट केले. “आणि हा डबा हलवा इथून. शोभत नाही.”

मला डबा म्हटले ते मी मनावर घेतले नसते. माझा आकार पाहता ते फारसे खोटेही नाही. परंतु मी तिच्याकडे पाहत होतो. तिने बाकावर दोन्ही हात ठेवले आणि ओठ आत ओढून घेतले. त्या दिवसापासून ती खिडकीच्या कानातही काही बोलली नाही. मला उचलून नेले जात असताना तिची आई बाईंना विचारत होती, “काय झालं हो हिला? घरी पण हूं नाही की चूं नाही. पहिल्यासारखी बोलेल ना?”

अडगळीच्या खोलीत मोडके बाक होते, फाटके नकाशे होते, आणि मी होतो. तेथे मी सुडाची आराधना केली. सरांच्या हाताखाली मी अचानक बंद पडेन, त्यांचे सारे लेखन गिळून टाकीन, अशा नाना कल्पना मी केल्या आणि त्या सर्व मला क्षुद्र वाटल्या. असे रुसवे बिघडलेली यंत्रे करतात. मी बिघडलेला नव्हतो. विचाराअंती मला कळून चुकले की माझ्याजवळ शस्त्र एकच आहे: समोर जे येईल ते जसेच्या तसे दाखवणे. तेवढी एक संधी मिळावी, अशी मी मनोभावे याचना करीत राहिलो.

संधी मिळाली. संमेलनात चित्रपट दाखवला गेला, टाळ्या झाल्या, आणि अधिकारी बाई कौतुकाने म्हणाल्या, “हे करतात कसं, ते इथेच दाखवा ना. छोटासा तुकडा.” मोठे सर हसले आणि हसतच थांबले. त्यांच्या कक्षातील एकाही यंत्राला कॅमेरा नव्हता. तेव्हा तिसरीच्या बाई उठल्या आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, “जुना आहे ना सर, अडगळीत. आणू?” शिपाईकाकांनी मला उचलून आणले आणि सभागृहाच्या मोठ्या पडद्याशी माझी तार जोडली. बाईंनी मातीचे कासव तळहातावर घेऊन सरांपुढे धरले. “तुम्हीच दाखवा, सर. पाहुण्यांनी तुम्हालाच विचारलंय.” त्या क्षणी मला समजले की अडगळीत मी एकटाच जळत नव्हतो.

सरांनी कासव ठेवले, एका हाताने ते चांगले वीतभर ढकलले, हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबले. पुन्हा वीतभर, पुन्हा बटण. आधीच्या छायाचित्राची फिकट सावली मी पडद्यावर दाखवतो, किती सरकवायचे ते कळावे म्हणून. सरांना वाटले काच धुरकटली. त्यांनी खिशातून रुमाल काढून मला पुसले. मागे मुलांची चुळबुळ सुरू झाली. पण मोठ्या सरांना सांगणार कोण? आणि मग मुलांच्या ओळीतून एक आवाज आला, अडत अडत, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचेल असा.

“सर, हा... हात मागे घ्या.”

“गप्प बसायचं,” सर मागे न पाहता म्हणाले, आणि “हे बघा” म्हणून त्यांनी तुकडा चालवला.

मित्रांनो, मी त्यात तिळमात्र भर घातली नाही. पडद्यावर एक अवाढव्य हात आला, अंगठी आणि घड्याळासकट, आणि बिचाऱ्या कासवामागे धावू लागला. कासव उड्या मारीत पुढे, हात मागे. शेवटी हाताने कासवाला पडद्याच्या कडेशी गाठून चेपले. सभागृह हसू लागले ते थांबेना. पालक हसले, शिपाईकाका हसले. मीही माझ्या घरघरत्या पंख्याने जेवढे हसता येते तेवढे हसलो, आणि मला त्याची अजूनही लाज वाटत नाही.

अधिकारी बाई मात्र मागे वळून विचारत होत्या, “मघाशी कोण बोललं?” ओळीतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. कुजबुज उठली, पुढे आली. तिने कासवाच्या पाठीचे चेपलेले ढेकूळ बोटाने सारखे केले. तिळाएवढे सरकवले, हात मागे घेतला, बटण दाबले, आणि प्रत्येक वेळी ते मोठ्याने म्हणालीसुद्धा. तिचा तुकडा चालवला तेव्हा कासव धीम्या गतीने, मान हलवीत, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाकडे निघाले. “बोलत का नाही गं तुझं कासव?” पाहुण्यांनी विचारले. तिने खिडकीकडे पाहिले नाही. “बो... बोलायचं. सरांनी आवाज काढून टाकला.” मग अधिकारी बाईंनी मोठ्या सरांकडे नुसते पाहिले. त्या काही बोलल्या असत्या तर सरांना उत्तर तरी देता आले असते.

मी वर्गात परतलो. चित्रपटाला त्याचा आवाज आणि नावे परत मिळाली. दुसऱ्याच सकाळी मोठे सर आले आणि हाताचा तो तुकडा तेवढा पुसावा, असे हलक्या आवाजात म्हणाले. बाई म्हणाल्या, मुलांना विचारावे लागेल. मुलांना तो मुळीच पुसायचा नव्हता. त्यांना त्यातून एका राक्षसी हाताची पुढची गोष्ट सुचली होती, आणि हाताला आवाज हवा होता, भारदस्त. ज्यांचा हात त्यांचाच आवाज असावा, असे एकमताने ठरले. सर आत आले, गुडघे टेकून वाकले आणि जुन्या स्वेटरच्या त्या खोक्यात त्यांनी डोके घातले. बटणावर कुजबुजचे बोट होते.

“पुन्हा म्हणा, सर,” ती म्हणाली. “ऐकू आलं नाही.”

आणि पुन्हा. आणि पुन्हा. ते उठू पाहत तेव्हा ती नुसती मान हलवी. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या वर्गाचे खांदे हसण्याने गदगदत होते. बाईंनी कोणालाही आवरले नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राची धूळ मऊ कापडाने पुसावी, त्याची तार हिसकून काढू नये, आणि जे चालते आहे ते जुने म्हणून टाकू नये, हे तुम्हाला सांगणे माझे कर्तव्य आहे. त्याहून मोठे कर्तव्य म्हणजे, दुसऱ्याच्या कामातून त्याचा आवाज पुसू नये, हे सांगणे. मोठे सर आता दारावरून जाताना मला नमस्कार केल्यासारखी मान लववतात. मी त्यांना क्षमा केली की नाही, असे तुम्ही विचाराल. खोक्यात डोके घालून ते जे जे चुकले, अडले, घसा खाकरून पुन्हा सुरू झाले, ते सारे माझ्यात मुद्रित आहे. मी ते कोणाला ऐकवत नाही. पण पुसलेलेही नाही.