बंद करून चालू

"अहो काका, एकदा बंद करून चालू का करत नाही?" अकाउंटच्या मॅडमनी विचारलं. फोनवर दोनदा विचारून झालं होतं. आता मात्र त्या जिना उतरून थेट तळघरात आल्या होत्या आणि दारात उभ्या राहून दम खात होत्या. पगाराचं काम अडलं होतं. एक आकडा टाकला की तो पडद्यावर उमटेपर्यंत चहा पिऊन होत होता.

"बघतो," काका म्हणाले. "दुसरंच काहीतरी कारण असणार."

"दुसरं काय असणार? आम्हाला तर जन्मभर हेच सांगत आलात."

खरंच होतं ते. झडपा बनवणाऱ्या त्या कंपनीत त्यांना सगळे सर्व्हरकाका म्हणत, आणि कुणाचंही काहीही अडलं की काकांचं पहिलं औषध ठरलेलं असे, बंद करून चालू करा. निम्म्या वेळा त्यानेच गुण यायचा.

पूर्वी प्रत्येक टेबलावर वेगळा कॉम्प्युटर होता आणि रोज त्यातला कुठला ना कुठला आजारी. काकांनीच साहेबांच्या मागे लागून सगळ्यांचा मिळून एक दणकट सर्व्हर बसवून घेतला होता. आता टेबलावर राहिला फक्त पडदा, कीबोर्ड, माउस आणि साबणाच्या वडीएवढा डबा. खरं काम चालायचं ते तळघरातल्या या मशीनमध्ये. एका चुलीवर सगळ्या घराचा स्वयंपाक, असं काका समजावून सांगत. मशीनमध्ये प्रत्येकाला आपापली जागा. तिथे तुम्ही जे उघडं टाकून जाल ते तसंच उघडं राहणार. वरचा पडदा विझवला म्हणून आतली जागा बंद होत नाही. म्हणून तर 'जाताना नीट बाहेर पडून जा' असं ते सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत. लोक ऐकतात थोडेच! मग अधूनमधून काका मशीन बंद करून चालू करत, सगळ्यांच्या जागा झाडूनपुसून रिकाम्या होत आणि मशीन पुन्हा पळू लागे.

या खेपेला मात्र कितीतरी आठवडे त्यांनी ते केलं नव्हतं. बाकी सगळं केलं. जुन्या फाइली उपसल्या, पंखे साफ केले, जेवायला गेलेल्यांच्या जागा गुपचूप एकेक करून बंद केल्या आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या. नवी मेमरी येऊन खोक्यात पडून होती, पण ती बसवायची तर मशीन बंद करावं लागणार. वीज गेली की काका बॅटरीच्या हिरव्या दिव्याकडे बघत उभे राहत, आणि वीज येईपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसे.

मॅडम गेल्या आणि पाठोपाठ साहेबांचा फोन आला. साहेब तसे आवाज चढवणारे नव्हते.

"उद्या दुपारपर्यंत मशीन धड झालं नाही, तर मी बाहेरची माणसं बोलावतो, काका. ते आले की पहिलं हेच करणार, बंद. मग तुम्हीच का करत नाही?"

"करतो," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. करायचं म्हणजे स्टोअरबाईंची मशीनमधली जागा पुसली जाणार होती.

स्टोअरबाई तिसऱ्या मजल्यावर बसायच्या. कुठली झडप किती आली, किती गेली, हे सगळं त्यांच्याकडे. एकदा दुपारच्या सुट्टीत त्यांच्या प्रिंटरने संप पुकारला आणि त्यांनी काकांना फोन केला. काकांना खाली बसूनच कुणाच्याही पडद्यावर जाता येत असे, पण जाण्याआधी समोरच्याच्या पडद्यावर प्रश्न यायचा, येऊ का आत, हो की नाही. हा प्रश्न काढून टाका, म्हणजे कोण काय करतंय ते मला बघता येईल, असं साहेबांनी एकदा सुचवलं होतं. काकांनी तेव्हा साफ नाही म्हटलं. दार आपल्याच हातात असलं म्हणून काय झालं, कडी वाजवल्याशिवाय कुणाच्या घरात शिरू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तर बाईंनी घाईघाईत 'हो' दाबलं, आणि पडद्यावर मांडलेला पत्त्यांचा डाव त्या विसरूनच गेल्या. एकट्याने खेळायचा तो डाव, राजापासून खाली लावत यायचा. काकांना तो दिसला. बाईंच्याही लक्षात आलं असावं, कारण माउसचा बाण जागच्या जागी थिजला. काकांनी मुकाट्याने प्रिंटर दुरुस्त केला. आता निघायचं, पण काळ्या दश्शीवर बसणारी लाल नव्वी बाईंच्या नजरेतून सुटली होती, आणि काकांना काही राहवेना. त्यांनी ती उचलून जागेवर ठेवली. बाण थोडा वेळ हलला नाही. मग हलला, आणि बाईंनी पुढचं पान लावलं.

त्या दिवसापासून हे सुरू झालं. दुपारी सगळे जेवायला पांगले की काका खालून विचारत, येऊ का आत? वरून 'हो' येई. डाव एक, बाणही एकच, आणि हात दोघांचे. दोघांनी एकदम ओढला तर बाण बिचारा थरथरायचा, म्हणून एकाने हात काढून घेतल्याशिवाय दुसऱ्याला खेळता येत नसे. दोघं ते आपसूक शिकले. शेवटी चारही राजे वर चढले की डाव सुटायचा आणि सगळे पत्ते उड्या मारत पडद्यावरून सांडायचे. तो शेवटचा राजा बाईंचा. तो आला की काका हात मागे घेत.

बोलणं म्हणाल तर शून्य. पाण्याच्या मशीनपाशी कधी गाठ पडलीच तर 'काय, बरं आहे ना' आणि 'बरं आहे'. डावाचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नाही. 'काल ती अठ्ठी उगाच हलवलीत' असं म्हणायचं काकांनी एकदा अगदी घोकून ठेवलं होतं, पण बाई समोर आल्या आणि काकांनी आपला ग्लास भरून घेतला. बाईंना नवरा नव्हता, काकांनी लग्नच केलं नव्हतं. लोकांच्या जिभेला हाड नसतं, हेही खरंच. पण भीती तेवढीच नव्हती. बोललो तर हे जे आहे ते बिघडेल, असं त्यांना वाटे. संध्याकाळी खोलीवर जाऊन एका माणसाचा भात लावताना दिवसभरातली आठवावी अशी गोष्ट म्हणजे तो डाव.

मग एका दुपारी डाव अर्ध्यावर असताना बाण थांबला. काकांनी वाट पाहिली. खेळी आपली असेल म्हणून एक पान लावलं, पुन्हा वाट पाहिली. जेवणाची सुट्टी संपली तरी उत्तर नाही. वर बाईंच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि त्यांना दवाखान्यात नेलं होतं. जाता जाता कुणीतरी त्यांचा पडदा विझवला होता. त्या परत आल्याच नाहीत. त्यांचं दुखणं जुनं होतं, सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. काकांना ते कळलं शोकसभेत, मागे उभं राहून ऐकताना. शेजारच्या टेबलावरच्यांचे खांदे लोक थोपटत होते. काकांना कुणी काही विचारलं नाही. विचारावं असं काही नव्हतंच. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा त्या आणायला तेवढं त्यांना सांगितलं.

बाईंची जागा मशीनमध्ये तशीच उघडी होती आणि तिच्यात तो डाव. काकांच्या अधिकारात तिथे शिरणं म्हणजे मिनिटाचं काम. पण 'हो' म्हणणारं आता कुणी नव्हतं, त्यामुळे ते शिरले नाहीत. नुसतं यादीत बाईंचं नाव दिसे, त्यापुढे 'जोडणी नाही' असं लिहिलेलं. रोज सकाळी आल्या आल्या काका ते बघून घेत आणि मग कामाला लागत.

साहेबांनी दिलेल्या मुदतीच्या दिवशी सकाळीच तळघराच्या दारात एक तरुण बाई उभी. स्टोअरबाईंची मुलगी. आईचा चष्मा, कप, खुर्चीवरची उशी असं पिशवीत भरून झालं होतं. आईने काही फोटो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवले होते, ते मिळतील का, म्हणून वरच्यांनी तिला खाली पाठवलं होतं. टेबलावरच्या डब्यात काही नसतं, सगळं या मशीनमध्ये असतं, हे काकांनी तिला समजावलं.

"म्हणजे आईचं सगळं इथेच आहे?"

"इथेच."

ती मशीनच्या त्या काळ्या कपाटाकडे आणि त्याच्या लुकलुकत्या दिव्यांकडे बघत राहिली. फोटो मशीनमधल्या फाइलींत वेगळे ठेवलेले होते, त्यासाठी बाईंच्या जागेत शिरायची गरज नव्हती. काका ते पेनड्राइव्हवर उतरवू लागले आणि मशीन रडतखडत एकेक फोटो देऊ लागलं.

"एक विचारू का?" मुलगी म्हणाली. "आईला इथे दुपारी पत्ते खेळायला कुणीतरी जोडीदार होतं. घरी आली की सांगायची, आज डाव सुटला, आज अडला. कोण ते विचारलं की नुसती हसायची. मला वाटायचं, उगाच सांगते, मला काळजी नको म्हणून. तुम्हाला माहीत आहे कोण ते?"

काकांच्या ओठांवर आलं होतं. मीच तो, एवढंच तर म्हणायचं. पण म्हणून पुढे काय सांगणार? ओळख किती, तर पानं लावण्याइतकी. नातं काय, तर काही नाही. पोरीच्या आईच्या दुखण्याबद्दल तरी आपल्याला कुठे काय माहीत होतं! त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"का हो, काही निरोप आहे का?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात म्हणत होती, डाव अर्धा राहिलाय गं. ते वाट बघत बसतील. त्यांना म्हणावं, पुरा करून टाका." ती जराशी हसली. "मला वाटलं, औषधांच्या गुंगीत बोलते आहे."

काकांनी पेनड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला.

"सांगतो त्यांना," ते म्हणाले.

दुपारच्या सुट्टीला काकांनी मजल्यामजल्यावर फोन केले. सगळे बाहेर पडा, कामं साठवून ठेवा, मशीन बंद करतोय. यादीतली नावं भराभर गळत गेली आणि शेवटी बाईंचं तेवढं राहिलं. काका आत गेले.

डाव होता तसाच होता. आपण लावलेलं शेवटचं पान त्यांनी ओळखलं. अडलेला त्यांना वाटत होता, पण नव्हता; किलवरचा गुलाम बाजूला केला की वाट मोकळी होत होती. सवयीने ते एक पान लावत आणि हात काढून घेत, आणि बाण जिथल्या तिथे राही. मग लक्षात येऊन पुढचंही पान तेच लावत. तिर्री, चौकी, पंजी करत चारही रंग वर सरकले. एक राजा बसला, दुसरा, तिसरा. इस्पिकचा राजा तेवढा खाली उरला.

काकांनी माउसवरून हात उचलून मांडीवर ठेवला आणि ते थांबले. वर कुणाचं तरी जेवण उरकून खुर्च्या सरकत होत्या. बाण हलला नाही. तो राजा त्यांनी तसाच राहू दिला. मग बाईंच्या जागेतून ते नीट बाहेर पडले, दुसऱ्यांना इतकी वर्षं सांगत आले तसे, आणि मशीन बंद केलं.

पंखे थांबले. तळघर इतकं शांत असतं हे त्यांनाही आठवत नव्हतं. खोक्यातली मेमरी काढून त्यांनी बसवली, झाकणाचे स्क्रू आवळले, डोळे पुसले आणि बटण दाबलं. यादी रिकामी उघडली, आणि मग जेवून आलेल्यांची नावं एकेक करून तिच्यात येऊ लागली.

पहिला फोन मॅडमचा. "काका, मशीन नुसतं पळतंय! बोट उचलायच्या आत आकडा पडतो." मागे बाकीचे हसत होते, कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. पगार आज होणार, म्हणून सगळा मजला खुशीत होता. "सांगा तरी, नेमकं काय केलंत?"

"काही नाही," काका म्हणाले. "बंद करून चालू केलं."