सोळाचं पारडं

मुख्याध्यापक हंबीरराव सरांच्या हायस्कूलचा निकाल नऊ वर्षं शंभर टक्के लागत होता, आणि तो कसा लागतो हे क्रांती मॅडमला पक्कं ठाऊक होतं. जे पोर निकाल खाली ओढेल अशी शंका येई, त्याला सर वेळीच बाजूला काढत. कुणाला बाहेरून परीक्षेला बसवत, कुणाच्या हातात दाखला देत. ज्याच्याकडं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल, त्याच्यापुढं बीजगणित सोडून सातवीचं अंकगणित घेण्याचा अर्ज ठेवत. झालं, फाटकावरचा फ्लेक्स पुन्हा वर्षभर मिरवायला मोकळा.

तशी ती सवलत वाईट नव्हती. आठवड्यातून दोनदा या शाळेत येणाऱ्या क्रांतीनं, विशेष शिक्षिका म्हणून, दोन मुलांचे अर्ज स्वतः भरून दिले होते. आकड्यांशी झगडून ती पोरं रडकुंडीला आली होती. नववीतल्या संघप्रियाचं तसं नव्हतं. फळ्यावरचं गणित वहीत उतरेपर्यंत तिचे आकडे जागा बदलत, पाढे काही केल्या डोक्यात राहत नसत. पण हातात वस्तू दिली की पोरगी बरोबर उत्तरापाशी जायची. तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. बीजगणित सुटलं की तोही सुटला असता.

तिची आई बनाबाई कपिलतीर्थ मंडईत भाजी विकायची. इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यापासून जुनी तागडी घरात पडून होती. संघप्रियानं ती वर्गात आणली आणि क्रांतीनं खिडकीच्या गजाला टांगली. बामच्या रिकाम्या डब्या घेतल्या, गोट्या घेतल्या. बंद डबीत किती गोट्या आहेत ते ठाऊक नाही, तोच क्ष. दोन्ही पारड्यांतून सारखं काढलं की तागडी सरळ राहते, एवढंच बीजगणित.

"मॅडम, शाळेत मंडई भरवलीसा व्हय?" सर दारातून म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. हे गृहस्थ अठ्ठावीस वर्षं गणित शिकवत होते. बाजू बदलली की चिन्ह का बदलतं, असं एकदा एका मुलानं विचारलं, तेव्हा "बदलतं म्हंजे बदलतं, बस खाली" असं शास्त्रशुद्ध उत्तर त्यांनी दिलं होतं.

गुरुवारी तपासणीचे साहेब येणार होते. म्हणून आठ दिवस नववीत एकच गणित चाललं होतं. तीन क्ष अधिक चार बरोबर एकोणीस, क्ष बरोबर पाच. सकाळी पाच, दुपारी पाच. पोरांना झोपेतून उठवलं असतं तरी ती पाचच म्हणाली असती.

त्याच दिवशी सरांनी बनाबाईला संघप्रियाच्या अंकगणिताच्या अर्जावर सहीसाठी बोलावलं होतं. सही करू नका, असं क्रांतीनं तिला व्हरांड्यात गाठून परोपरीनं सांगितलं.

"मला त्यातलं काय कळतंय, मॅडम?" बनाबाई म्हणाली. "सर म्हणत्यात म्हंजी पोरीच्या भल्याचंच असंल."

क्रांतीचा जीव तीळतीळ तुटला. सरांनी अर्ज बनाबाईच्या हातात दिला आणि साहेब गेले की सही करा, तोवर इथंच थांबा, असं सांगून तिला वर्गाच्या दारात उभं केलं.

साहेब आले. त्यांना फेटा बांधला, नारळ दिला. फेट्यामुळं की काय, साहेबांना एकदम शिकवण्याचा हुरूप आला. त्यांनी फळ्यावरचे एकोणीस पुसले, तिथं सोळा लिहिले आणि वर्गाकडं वळले.

"सांगा बघू, क्ष किती?"

"पाच!" बेचाळीस तोंडं एकदम उघडली.

"शाब्बास!" म्हणत साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी गणित बदललं होतं, सोडवलं मात्र नव्हतं. सरांनी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. क्रांतीला त्या टाळ्यांची किळस आली.

तेवढ्यात संघप्रिया उठली आणि खिडकीकडं निघाली.

"ए, कुठं चाललीस? बस खाली!" सर खेकसले.

"असू द्या, असू द्या. उपक्रम दिसतोय," साहेब उदारपणे म्हणाले.

तिनं एका पारड्यात सोळा गोट्या मोजून ठेवल्या. डब्यांचं वजन सारखं व्हावं म्हणून सोबत तीन रिकाम्या डब्या ठेवल्या. दुसऱ्या पारड्यात तीन डब्यांत पाच-पाच गोट्या घातल्या आणि वर चार सुट्या. ते पारडं खाडकन खाली गेलं.

"पाच न्हाईत, सर," ती म्हणाली. मग तिनं प्रत्येक डबीतून एकेक गोटी काढली. तागडी हलली, डुलली आणि सरळ झाली. "चार हाईत."

सर लगबगीनं पुढं झाले.

"साहेब, तिचं मनावर घिऊ नका. सर्टिफिकेट हाय तिच्याकडं. गणित जमत न्हाय तिला."

"हो, हो, दिसतंच आहे," साहेब फेटा सावरत म्हणाले आणि चहाकडं वळले.

त्यांची पाठ फिरताच सरांनी खिशातलं पेन काढून बनाबाईपुढं धरलं. "करा सही, बाई. पोरगीबी सुटंल, आम्हीबी सुटू."

बनाबाईनं पेन घेतलं नाही. ती अजून खिडकीकडंच बघत होती.

"सर, तागडी माझी हाय," ती म्हणाली, मंडईत म्हणावं तशी, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "वीस वर्सं हातात धरलीया. क्ष-बिक्ष मला कळत न्हाय, पण तागडी कवा सरळ हुबी ऱ्हाती, ते कळतंय. माझ्या पोरीचं तोलून झालं. आता ज्यास्नी तोलता येत न्हाय, त्यांची घ्या की सही."

आणि तिनं अर्ज सरांच्या हातात ठेवला, कोराच.