चार्जिंगची पाळी

शके १९४६, माघ वद्य प्रतिपदा, गुरुवार, दिनांक १३ फेब्रुवारी २०२५ रोजी सायंकाळी साडेसहा वाजता, अहिल्यानगर शहराच्या सावेडी भागातील एका इमारतीच्या वाहनतळात, वकील बिभीषण कराळे यांना आपल्या पत्नीच्या विजेवरच्या मोटारीतील चालकाची सीट नेहमीपेक्षा दोन खाचा मागे सरकलेली आढळली.

सुकन्या ठेंगणी होती. त्या जागी बसून तिचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

ते गाडीला चार्जिंगची वायर जोडण्यासाठी खाली उतरले होते. दिवाळीत गाडी घेतल्यापासून सोमवार, गुरुवार आणि शनिवार या तीन सायंकाळी हे काम ते स्वतः करीत आणि त्याचे वेळापत्रक त्यांनी स्वहस्ते लिहून फ्रिजवर चिकटवले होते. सुकन्या राहुरीच्या एका खाजगी बियाणे प्रयोगशाळेत नोकरीला होती. रोजचे जाणे-येणे सत्तर किलोमीटरचे. सकाळी चहाच्या वेळी बिभीषणराव मोबाईल पाहून आकडा जाहीर करीत, "अठ्ठ्याण्णव". त्यावर ती "बास झालं" म्हणे. पंधरा वर्षांच्या संसारात रोज नव्याने बोलावे असे फार थोडे उरले होते. हा आकडा त्यांपैकी एक होता.

आज मात्र राहुरीहून परतलेल्या गाडीत शहाऐंशी टक्के चार्जिंग होते. वायर जोडण्याचे कारणच उरले नव्हते.

वर आल्यावर त्यांनी विचारले, "सीट मागे कुणी सरकवली?"

"म्हसेसरांनी. आमच्याकडे नवा चार्जर बसवलाय ना, पहिली पाळी त्यांनी मला दिली. माझं जेवण चाललं होतं, तर त्यांनीच गाडी लावून टाकली."

"आणि किल्ली?"

"किल्ली खिळ्यावर असते. सगळ्यांच्याच असतात. ज्याचं जेवण आधी उरकेल तो गाड्या हलवतो." ती हसली. "अहो, उलटतपासणी कोर्टात घ्या. इथे मेथी निवडायला घ्या."

मेथी निवडता निवडता त्यांनी आणखी माहिती काढली. प्रयोगशाळेत विजेच्या गाड्या दोनच होत्या, हिची आणि वाल्मिक म्हसे यांची. चार्जर एकच. म्हसे दहा मिनिटांवरच्या गावातून येत, म्हणून एक ते चार ही वेळ त्यांनी आपण होऊन हिला सोडली होती; आपली गाडी ते चारनंतर लावीत.

"फार उदार आहेत," बिभीषणराव म्हणाले.

"आहेतच. आता तुम्हाला खाली उतरायचा त्रास नको."

त्या त्रासावाचून पुढचे दहा दिवस गेले. खालची वायर खुंटीवर गुंडाळलेली राहिली. सकाळी आकडा सांगण्याचा प्रसंग येईना, कारण तो आदल्या दुपारीच राहुरीला ठरून गेलेला असे. उलट सुकन्याच्या बोलण्यात म्हसेसर वरचेवर येऊ लागले. म्हसेसर म्हणतात, शंभरपर्यंत रोज भरू नये. म्हसेसर म्हणतात, उन्हात लावू नये. यांतली पहिली सूचना बिभीषणरावांनी नोव्हेंबरमध्येच केली होती. तेव्हा तिने जांभई दिली होती. आपला आक्षेप म्हसे यांच्या चारित्र्यावर नाही, असे त्यांनी स्वतःला अनेकदा बजावले. पत्नीवरही नाही. मग आक्षेप कशावर, या प्रश्नापाशी त्यांचा युक्तिवाद थांबे आणि डोळ्यांपुढे एक उंच मनुष्य येई, जो जेवण उरकून, हात पुसत, खिळ्यावरची नेमकी तीच किल्ली उचलतो.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत, जिल्हा न्यायालयाच्या उपाहारगृहात, त्यांनी मोबाईल उघडला. गाडीच्या ॲपमध्ये त्यांचेही नाव होते. पडद्यावर हिरवी रेघ हळूहळू पुढे सरकत होती: ऐंशी टक्के. तिच्याखाली 'थांबवा' असे बटण होते. दोन वाजून बारा मिनिटांनी त्यांनी ते दाबले, आणि पुढ्यातला गार झालेला वडा चवीने खाल्ला.

सायंकाळी सुकन्या चिडून आली. "आज मध्येच बंद पडलं बघा. सत्तरही नाही उरलं."

"असं होय?" असे म्हणून ते तत्परतेने खाली गेले, वायर जोडली आणि दिवा लागेपर्यंत तिथेच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी "सत्त्याण्णव" म्हटले. ती म्हणाली, "बास झालं. घरचंच बरं." या दोन शब्दांचा आनंद त्यांना दिवसभर पुरला.

हे त्यांनी आठ दिवस केले. प्रयोगशाळेत मोबाईल आत नेण्यास मनाई होती, त्यामुळे सुकन्याला काय घडते ते सायंकाळपर्यंत कळत नसे. तिला दिसे ते एवढेच: पाच वाजता बाहेर यावे, तर आपली गाडी अर्धवट भरून बाजूला लावलेली आणि चार्जरला म्हसे यांची गाडी. नवव्या दिवशी ती घरी आली ती पर्स सोफ्यावर आपटतच.

"आज मी म्हसेसरांना बोलले. सगळ्या स्टाफसमोर. म्हटलं, पाळी द्यायची नव्हती तर तसं सांगायचं, अर्ध्यातच प्लग का उपसता? तर म्हणतात, मॅडम, मी काढला तेव्हा ते बंदच होतं. किती खोटं बोलावं माणसानं! तुमचं काय मत?"

याच क्षणी सत्य सांगता आले असते. बिभीषणरावांना ते कळत होते. पण तिने त्यांचे मत विचारले होते, आणि म्हसेसर काय म्हणतात ते तिच्या लेखी आता खोटे होते.

"लेखी तक्रार कर. मी लिहून देतो," ते म्हणाले.

अर्ज उत्तम उतरला. घटनाक्रम झाला, आक्षेप झाला. पण पुराव्याची मागणी केल्याविना अर्ज पुरा होत नाही, ही वीस वर्षांची सवय. हात आपोआप चालला: 'तरी सदर यंत्राची, तसेच प्रत्येक दिवसाच्या नोंदीची, जाणकार तंत्रज्ञाकडून उभय पक्षांसमक्ष तपासणी व्हावी.' चार्जरला प्लग लागला की निघाला एवढेच कळत असणार, अशी त्यांची समजूत होती. सुकन्याने न वाचता सही केली. "तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल."

तपासणी शनिवारी सकाळी अकराला ठरली. तिच्या आग्रहावरून बिभीषणराव राहुरीला गेले. आवारात चार्जरपाशी म्हसे उभे होते. ते उंच नव्हते. पोट सुटलेले, टक्कल पडलेले, पन्नाशीचे गृहस्थ होते.

"वकीलसाहेब, अर्ज लई भारी लिहिलाय तुमी," ते कसेबसे हसत म्हणाले. "वाचताना मलाच वाटलं, आपून चोर हाय. आमच्या मोठ्या साहेबांनी तर सांगून टाकलंय, खरं निघालं तर चार्जर विसरा."

अजिनाथ नावाच्या तंत्रज्ञाने यंत्राचे झाकण उघडले, लॅपटॉप जोडला आणि बराच वेळ मान हलवली.

"मॅडम, प्लग उपसला तर यंत्र तसं लिहितं. हितं आठी दिवस तसं न्हाई. गाडीनंच करंट घ्यायचा थांबवलाय."

"गाडी कशी थांबवेल?"

"आपल्या मनानं न्हाई थांबवत. तुमचा मोबाईल द्या बरं."

तिने लॉकरमधून मोबाईल आणून दिला. अजिनाथने ॲपमध्ये दोन-तीन ठिकाणी बोट लावले आणि मोठ्याने वाचले, "दोन वाजून बारा मिनिटं. चार्जिंग थांबवा. हुकूम पाठवणारा, बिभीषण. दुसऱ्या दिवशी दोन वाजून नऊ मिनिटं. बिभीषण. हे कोन बिभीषण?"

म्हसे यांनी हातातला अर्ज घडी घालून खिशात ठेवला आणि जमिनीकडे पाहू लागले.

"तुम्ही?" सुकन्याने विचारले.

"हे पाहा, ॲपमध्ये माझंही नाव आहे. तेव्हा थांबवण्याचा अधिकार मला..."

"अधिकार नाही विचारला. का केलंत?"

बिभीषणरावांची नजर एकदा म्हसे यांच्याकडे वळली, आणि ती वळलेली सुकन्याने पाहिली.

ती प्रथम म्हसे यांच्याकडे गेली. "सर, मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. सोमवारी सगळ्यांसमोरच माफी मागेन." मग ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"संशय घेतलात, तो एक वेळ मी पोटात घातला असता. पण माझ्याकडून निरपराध माणसावर आळ घेववलात, आणि आठ दिवस रोज संध्याकाळी माझ्याशी खोटं बोललात. माझा तुमच्यावर आता भरवसा नाही."