‘पुन्हा चालवा’ची कैफियत

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी दंतवैद्य आपल्या दवाखान्याचे शटर वर करीत, हात धूत, रुग्णाच्या खुर्चीची पाठ एकदा खाली-वर करून पाहत आणि मग संगणक उघडीत. पहिला रुग्ण आठला येई. पडद्यावर अधूनमधून एक लाल फुली वाट पाहत असे. हातमोजा चढवता चढवता, फुलीखालच्या अहवालाकडे ढुंकूनही न पाहता, ते एका बोटाने मला दाबीत. काही मिनिटांत फुलीच्या जागी हिरवी खूण येई आणि दंतवैद्यांचा दिवस प्रसन्नतेने सुरू होई.

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. सदऱ्याचेही नव्हे आणि दिव्याचेही नव्हे, तर पडद्यावरचे. माझ्या अंगावर दोनच शब्द होते : ‘पुन्हा चालवा’. आता मी वापरात नाही. जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात पडून असतो.

माझा जन्म एका जेवणाच्या टेबलावर झाला. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी धर्मादाय दवाखान्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. औषधाच्या पाकिटावर चिकटवायची चिठ्ठी तो छापी : नाव, गोळी, किती, केव्हा. प्रोग्रॅम सर्वांना खुला होता. जगातल्या कोणीही तो वाचावा, दुरुस्ती सुचवावी. आपले दंतवैद्य हेही असेच हौसेने या कामात आलेले; आलेल्या दुरुस्त्या रोज सकाळी पाहणे त्यांच्याकडे होते. मात्र प्रत्येक दुरुस्तीला सोळाशे चाचण्यांतून जावे लागे. त्या एक यंत्र आपोआप घेई. एक जरी चाचणी नापास झाली तरी लाल फुली, सगळ्या पास झाल्या तर हिरवी खूण. हिरव्याशिवाय आत प्रवेश नाही, असा कडक नियम.

त्या काळी यंत्राचे इंटरनेट मध्येच तुटे आणि बिचारी निर्दोष दुरुस्ती लाल होई. म्हणून बाईंनी मला घडवले. त्यांच्या सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “म्हणजे नापास झालं की पुन्हा पेपर द्यायचा, पास होईपर्यंत? तुझ्या कॉलेजात चालतं का गं असं?”

“आई, पेपर चालू असताना दिवे गेले तर पुन्हा घ्यायला नको का?”

“दिवे गेले, का उत्तर आलं नाही, हे कोण बघणार?”

बाई हसल्या आणि मला निळा रंग दिला.

पुढे इंटरनेट सुधारले, पण माझी नोकरी सुटली नाही. याचे श्रेय आत्याबाईंना. आत्याबाई म्हणजे सोळाशेपैकी एक चाचणी. दोन खिडक्यांवरून एकाच वेळी चिठ्ठ्या छापायला दिल्या, तर ज्याची चिठ्ठी त्यालाच मिळते ना, एवढेच ती पाही. दहा वेळांतून एकदा ती नापास होई आणि पुन्हा चालवली की गुपचूप पास होई. घरातली एखादी वडीलधारी विनाकारण रुसावी आणि सर्वांनी “जाऊ दे, येतील ताळ्यावर” म्हणावे, तसे तिचे झाले. नाव ठेवले ते दंतवैद्यांनीच. नवख्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत त्यांनी एक ओळही घातली : ‘आत्याबाई रुसल्यास घाबरू नये. बटण दाबावे.’

मी फुशारलो. सोळाशे चाचण्या घाम गाळीत, आणि आभार माझे मानले जात! “हे बटण नसतं तर आपण कुठे असतो!” असे एकाने लिहिलेही. मी हे खरे मानले. माझा एक दोष मात्र मी कोणाला सांगितला नाही. मला दाबले की आधीचा अहवाल पुसला जाई. त्यामुळे आत्याबाई किती वेळा रुसल्या आणि काय म्हणून रुसल्या, हे पाहायला कोणाजवळ काही उरतच नसे.

एका दुपारी बाईंच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ही ताई एका धर्मादाय दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसते. टेबलावर फोन मोठ्याने चालू होता, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला.

“ऐक, तुझ्या प्रोग्रॅमनं आज काय दिवे लावले ते. माझ्याकडे एक आजोबा, रक्तदाबाच्या गोळ्या. शेजारच्या खिडकीवर एक छोटी मुलगी, खोकल्याचं औषध. आम्ही दोघींनी एकदमच छापलं. मी आजोबांना वाचून दाखवलं, ‘एक चमचा, दिवसातून चार वेळा.’ ते म्हणाले, ‘गोळी चमच्यात घेऊ का?’”

“मग?”

“मग काय! धावत गेले शेजारी. बाटली मुलीच्या आईच्या पिशवीत गेली होती. तिच्यावर ‘रोज सकाळी एक गोळी, कायम.’ मुलीची आई हसत होती गं. मला नाही हसू आलं. मी वाचून दाखवते म्हणून सापडलं. आजोबा सालस. चमच्यात ठेवून चार वेळा घेतलीही असती त्यांनी.”

बाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी दंतवैद्यांना फोन लावला. सोमवारी नवी आवृत्ती चाळीस दवाखान्यांत जायची होती.

“योगायोग असेल, बाई. सगळं हिरवं आहे की!”

“डॉक्टर, आत्याबाईंचा अहवाल तुम्ही शेवटचा कधी वाचलात?”

पलीकडे कवळी घासण्याचे यंत्र थांबले. “त्यांचा अहवाल असतो?”

त्याच संध्याकाळी बाईंनी एक दुरुस्ती लिहिली. नवे काहीच नव्हते, फक्त मला काढून टाकणाऱ्या सात ओळी. नियमाप्रमाणे ती दुरुस्ती सोळाशे चाचण्यांतून गेली. एक हजार पाचशे नव्व्याण्णव पास. आत्याबाई नापास. लाल फुली उमटली आणि तिच्याखाली मी झळकलो. मला हटवायचे, तर आधी मलाच दाबायला हवे!

मित्रांनो, खोटे कशाला सांगू? मला गुदगुल्या झाल्या.

दंतवैद्य पुन्हा फोनवर होते. “दाबा ना, बाई. शेवटचं एकदा. त्याच्याच निरोपाला!”

माउसचा बाण माझ्यावर येऊन थांबला. बाईंचा चेहरा अगदी समोर होता. चष्म्याच्या काचांत माझा निळा रंग दोनदा दिसत होता. तेव्हा मला प्रथमच वाटले, बाईंनी मला दाबू नये. जो इशारा ऐकायला त्रास होतो, तो पुसून देणारा मदतनीस फार लवकर लाडका होतो. तुमच्याही आसपास असे कोणी असेल, तर मित्रांनो, त्याचे लाड जरा बेताने करा. आणि काही लाल दिसले, तर ते का लाल आहे एवढे तरी वाचा.

बाण सरकला. “सोमवार रद्द,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी अहवाल उघडला.

कारण अकराव्या ओळीत होते. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक मिळे तो घड्याळाच्या सेकंदावरून. दोन चिठ्ठ्या एकाच सेकंदात आल्या की दोन्हींना एकच क्रमांक, आणि मग कोणत्या खिडकीला कोणती मिळेल ते नशीब. आत्याबाई वर्षानुवर्षे हेच सांगत होत्या.

बाईंनी चिठ्ठ्यांना खिडकीनिहाय वेगळे क्रमांक दिले. आत्याबाईंना सलग हजार वेळा चालवले. त्या एकदाही रुसल्या नाहीत. मग मार्गदर्शिकेतली ती ओळ खोडून त्या सात ओळी त्यांनी पुन्हा पाठवल्या. खूण हिरवी आली, तीही पहिल्याच खेपेला.

आता नियमाप्रमाणे दुसऱ्या कोणाची तरी संमती हवी होती. दंतवैद्यांनी बाहेर बसलेल्या रुग्णाला थोडे थांबायला सांगितले. हातमोजे काढून ठेवले. अहवाल उघडला आणि सोळाशे ओळी, ओठ हलवीत, शेवटपर्यंत वाचल्या.

मग त्यांनी ‘मंजूर’ दाबले.